लाल म्हणजे नक्की कोणता लाल?

मराठीत लाल रंगांना काही तोटा नाही. कुंकवाचा लाल वेगळा, डाळिंबी वेगळा, शेंदरी वेगळा, आणि गुलबक्षी तर लालाच्या कुंपणावर बसलेला. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन नुसतं "लाल द्या" म्हणून बघा. समोरचा माणूस तुमच्याकडे दयेने बघेल आणि वीस गठ्ठे काउंटरवर टाकेल. मग आपण साडीचा पदर आणि ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात यायचं. कारण आतल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर आल्यावर जुळेलच असं नाही.

माझा प्रश्न मात्र साडीचा नाही, विमानाचा आहे. जेमतेम दहा सेंटिमीटर पंखविस्तार असलेल्या विमानाचा.

ज्या नातेवाइकांना माझा हा उद्योग माहीत नाही (आणि जे माहीत असूनही दर दिवाळीला "अजून खेळण्यातली विमानंच करतोस का रे?" असं विचारतात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १:७२ या प्रमाणात प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची प्रतिकृती करायची. सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. जोडणं दोन संध्याकाळचं काम. रंग देणं मात्र दोन महिन्यांचं, कारण तो नक्की कुठला द्यायचा हेच ठरता ठरत नाही.

सध्या टेबलावर आहे फॉलंड नॅट टी. १. ब्रिटिश हवाई दलाच्या 'रेड ॲरोज' या कसरतपथकाचं पहिलं विमान. १९६५ ते १९७९ पर्यंत त्यांनी ते उडवलं, १९८० च्या हंगामापासून हॉक आलं. नॅट म्हटल्यावर आपल्याकडे लगेच १९६५ आणि १९७१ ची युद्धं आठवतात, श्रीनगरवर १४ डिसेंबर १९७१ ला एकट्याने झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों आठवतात. ते नॅट वेगळं बरं का. आपलं एकआसनी लढाऊ, आणि हे प्रशिक्षणासाठी केलेलं दोनआसनी. पंख मोठे, धड लांब. तेव्हा आपल्या नॅटच्या किटला लाल रंग फासून रेड ॲरोज होत नाही. (हा प्रश्न विचारला गेलेला आहे, म्हणून लिहिलं.)

किटबरोबर येणाऱ्या कागदावर प्रत्येक रंगासमोर एक आकडा असतो. तो रंगाच्या डबीचा नंबर. गंमत अशी की मॉडेलच्या रंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या हंब्रोल कंपनीच्याच यादीत १९ नंबरचा चकचकीत लाल आहे, १७४ नंबरचा 'सिग्नल रेड' आहे आणि २३८ नंबरचा तर खास 'ॲरो रेड' म्हणूनच आहे. तिन्ही शेजारी ठेवले तर तीन वेगळे लाल. विमान एकच. आता बोला!

हे सगळं कुठून सुरू झालं ते आधी बघू, म्हणजे हा घोळ का झाला तेही कळेल.

युद्धातल्या विमानाचा रंग लपण्यासाठी असतो. १९५० च्या दशकात ब्रिटनची हॉकर हंटर विमानं वरून गडद हिरवी आणि गडद करडी, खालून चंदेरी अशी असत. अशा शेकडो विमानांना एकच रंग द्यायचा तर सरकारी कागद निघतात, कोणता रंग कुठे संपतो याचे नकाशे निघतात, आणि ते कागद पुढे सापडतात. कसरतीच्या विमानाचं उलट. त्याचा रंग दिसण्यासाठी असतो. हंटरच्या १११ नंबरच्या स्क्वाड्रनने स्क्वाड्रन लीडर रॉजर टॉप यांच्या नेतृत्वाखाली १९५७ साली आपली विमानं नखशिखांत काळी चकचकीत केली. फ्रान्समध्ये त्यांचा खेळ बघून तिथल्या लोकांनी त्यांना 'काळे बाण' म्हटलं आणि 'ब्लॅक ॲरोज' हे नाव पडलं ते कायमचं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५८ मध्ये, फार्नबरोच्या प्रदर्शनात याच पथकाने २२ हंटर एकत्र घेऊन आकाशात पूर्ण चक्कर मारली. एवढी विमानं पथकाकडे नव्हतीच, दुसऱ्या स्क्वाड्रनकडून विमानं आणि वैमानिक उसने आणावे लागले होते. २२ विमानांच्या दोन चकरा झाल्यावर सहा जण बाजूला झाले आणि उरलेल्या सोळांनी खेळ पुढे चालू ठेवला.

मग काय, रंगांची लाटच आली. १९६१ मध्ये ब्लॅक ॲरोजची जागा ९२ नंबरच्या स्क्वाड्रनने घेतली. तेही हंटरच, पण निळे, नाव 'ब्लू डायमंड्स'. प्रशिक्षण शाळांचीही आपापली पथकं होती. जेट प्रोव्होस्ट उडवणारे 'रेड पेलिकन्स' लाल. १९६४ मध्ये व्हॅली इथल्या प्रशिक्षण शाळेतले फ्लाइट लेफ्टनंट ली जोन्स यांनी नॅटचं पथक उभं केलं, ते पिवळंधमक. रेडिओवरच्या हाकेवरून नाव पडलं 'यलोजॅक्स'. हे जोन्स स्वतः पूर्वी ब्लॅक ॲरोजमध्ये उडलेले. शेवटी हवाई दलाच्या वरिष्ठांना वाटलं की इतकी पथकं आणि त्यांचा सराव हे जरा अतीच होतंय. सगळ्यांऐवजी एकच पूर्णवेळ पथक ठेवायचं ठरलं. नेते जोन्सच, विमान नॅटच. पेलिकन्समधला 'रेड' घेतला, ब्लॅक ॲरोजमधले 'ॲरोज' घेतले आणि १९६५ मध्ये रेड ॲरोज जन्माला आले. पहिल्या वर्षी सात विमानं होती, नऊ विमानांची रचना १९६८ पासून कायमची झाली.

म्हणजे बघा, काळा, निळा, पिवळा, लाल, एवढे रंग आठ वर्षांत येऊन गेले. एकेका पथकाकडे मोजकी विमानं. दर हिवाळ्यात खेळ बंद असताना विमानं दुरुस्तीला जाणार, काहींना नवा रंग मिळणार, त्या निमित्ताने कुठली पट्टी रुंद होणार, कुठलं अक्षर सरकणार. हजार विमानांच्या रंगाचे कागद जपले जातात, दहा विमानांच्या रंगाचे जपले जातीलच असं नाही. जो रंग लाखो लोकांनी मान वर करून बघितला, त्याचीच नोंद सगळ्यात विरळ! मला या छंदातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

आता आकड्यांकडे येतो. ब्रिटनमध्ये रंगांचं एक प्रमाणपत्रक आहे, बीएस ३८१ सी. प्रत्येक रंगाला तीन आकडी नंबर. पहिला आकडा रंगाचं कूळ सांगतो: १ म्हणजे निळे, २ हिरवे, ३ पिवळे, ५ लाल, ६ करडे. आपल्या पिनकोडसारखंच. ४ बघितला की पत्र महाराष्ट्राच्या बाजूचं हे जसं पोस्टमनला कळतं तसं. हंटरचा गडद समुद्री करडा ६३८, गडद हिरवा ६४१. रेड ॲरोजच्या नॅटसाठी मॉडेलवाले बहुतेक वेळा ५३७ धरतात, सिग्नल रेड. त्याच्या लगेच शेजारी ५३८ आहे, तो ब्रिटिश टपालखात्याच्या नावाने ओळखला जायचा, म्हणजे त्यांच्या टपालपेट्यांचा लाल. जरा खोल, आपल्या डाळिंबीकडे झुकणारा. अर्ध्या जगाच्या डोळ्यांत ब्रिटिश लाल म्हणजे हा दुसरा, आणि म्हणून कितीतरी लोकांची नॅट टपालपेटीसारखी होतात.

अमेरिकेचं पत्रक वेगळं. फेडरल स्टँडर्ड ५९५, सुरुवात १९५६ ची. (२०१७ मध्ये ते रद्द झालं आणि जवळजवळ जसंच्या तसं दुसऱ्या नावाने चालू राहिलं.) त्यात पाच आकडे. पहिला आकडा चकाकीचा: १ चकचकीत, २ अर्धवट, ३ मॅट. दुसरा कुळाचा. अमेरिकन नौदलाच्या 'ब्लू एंजल्स' पथकाचा निळा १५०५० आणि पिवळा १३५३८. म्हणजे न बघताही कळतं, दोन्ही चकचकीत, एक निळ्या कुळातला, एक पिवळ्या. या व्यवस्थेच्या मी प्रेमात आहे. साड्यांनाही असे नंबर हवे होते, कितीतरी संसारांत शांतता नांदली असती.

पण आकडा मिळाला म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण आकडा वर्ष सांगत नाही. ब्लू एंजल्सचंच बघा. त्यांचं पहिलं जेट ग्रमन पँथर, १९४९ चं. त्या काळात अमेरिकन नौदलाची बहुतेक लढाऊ विमानं गडद निळ्या चकचकीत रंगातच असत. युद्धाचा रंगच तो. त्यामुळे कसरतीचं विमान आणि लढाईचं विमान दुरून जवळजवळ सारखंच. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि हे पथकच्या पथक मोडून लढायला गेलं. त्यांचे नेते लेफ्टनंट कमांडर जॉन मॅग्डा मार्च १९५१ मध्ये तिथे मारले गेले. त्याच वर्षी पथक पुन्हा उभं राहिलं. पुढे १९५५ पासून नौदलाने आपली विमानं वरून फिकट करडी आणि खालून पांढरी करायला सुरुवात केली, एंजल्स मात्र निळेच राहिले. म्हणजे त्यांचा निळा 'त्यांचा' झाला तो बाकीच्यांनी निळा सोडल्यावर. आज कपाटात १९५० चं पँथर आणि १९५७ नंतरचं टायगर शेजारी ठेवून दोघांना एकाच डबीतून रंग दिला, तर या इतिहासातला महत्त्वाचा भाग गाळल्यासारखा होतो, असं माझं मत.

मग पुरावा कशाचा मानायचा? फोटोंचा? माझ्या भाच्याने लेस्टरहून पाठवलेल्या चित्रांत एकाच विमानाचे चार फोटो आहेत आणि चार लाल आहेत. इथे फिल्मचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. त्या काळच्या रंगीत स्लाइड दोन प्रमुख जातींच्या. कोडॅक्रोम अंधारात नीट ठेवली तर रंग फार टिकवून धरायची. (तिची धुलाई २०१० अखेर जगात बंद झाली.) एक्टाक्रोमच्या जुन्या फिती मात्र विटतात आणि त्यांतला निळसर थर आधी जातो, म्हणून सगळं चित्र लालसर होतं. आता गंमत बघा. करड्या विमानाचा फोटो विटला तर लगेच कळतं. लाल विमानाचा विटला तर विमान आणखीच सुंदर दिसायला लागतं! म्हणून मी लाल विमानाच्या फोटोत लाल रंग शेवटी बघतो. आधी आकाश बघायचं, धावपट्टीचं काँक्रीट बघायचं, मग हवाई दलाच्या गोल चिन्हातलं पांढरं कडं बघायचं. ते पांढरं गुलाबी झालं असेल तर त्या फोटोतल्या लालावर विश्वास ठेवायचा नाही. पांढरं पिवळट असेल तर लाल शेंदरीकडे सरकलाय असं समजायचं. आणि गोल चिन्हाच्या मधल्या ठिपक्याचा लाल नि धडाचा लाल एकाच फोटोत असतो, त्या दोघांतला फरक हा कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो.

कृष्णधवल फोटो तर याहून बेरकी. लाल आणि निळा दोन्ही त्यांत एकाच राखाडी छटेत येऊ शकतात. पण फोटोत रंग नसला तरी पट्ट्यांच्या कडा असतात, अक्षरांची जागा असते, चकाकी असते. रंगाच्या बाबतीत मुका, बाकी सगळ्यात सज्जन साक्षीदार.

प्रत्यक्ष विमान बघावं म्हणाल तर तिथेही सावध राहावं लागतं. ब्रिटनमध्ये बरीच नॅट टिकून आहेत, संग्रहालयांत आहेत, काही तर अजून खाजगी मालकीत उडतातही. पण लाल रंग लोकांना आवडतो, त्यामुळे जी विमानं पथकात कधीच नव्हती त्यांनाही कोणी हौसेने रेड ॲरोजचा वेष चढवलेला असतो. उघड्यावर उभं असलेलं विमान उन्हापावसाने फिकं पडतं, मग कोणीतरी जवळचा वाटेल तो लाल मारतं. पुढच्या पिढीतला मॉडेलवाला श्रद्धेने जाऊन त्याचा फोटो काढतो आणि तो लाल 'मूळ लाल' म्हणून नोंदवतो. आपल्याकडे जुन्या देवळाला ऑइलपेंट लावल्यावर शंभर वर्षांनी तोच पारंपरिक ठरतो, तसंच.

आठवणींबद्दल काय बोलावं. आमच्या ओळखीतले एक काका हवाई दलात विमानांच्या देखभालीवर होते, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना मी विचारलं, "काका, रंग नेमका कसा होता हो?" ते म्हणाले, "अरे, कुठल्या वर्षीचा विचारतोस? नवा मारला तेव्हाचा, की दोन उन्हाळे बाहेर उभा राहिल्यानंतरचा?" मला वाटतं या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या चर्चांपेक्षा हा उलटप्रश्न जास्त कामाचा आहे.

एक भानगड आणखी आहे, तिला मॉडेलवाले 'स्केल इफेक्ट' म्हणतात. खरं विमान आपण लांबून बघतो, मधल्या हवेमुळे रंग थोडा फिका, थोडा करडा होऊन डोळ्यांत येतो. सिंहगडावरून लांबचे डोंगर निळसर दिसतात तसंच, फक्त कमी प्रमाणात. मॉडेल मात्र हातभर अंतरावरून बघायचं असतं. म्हणून अस्सल रंग जसाच्या तसा लावला तर तो जास्त गडद आणि खेळण्यासारखा दिसतो, त्यात थोडा पांढरा मिसळावा, असा एक पंथ. दुसरा पंथ म्हणतो, रंग तोच ठेवा, प्रकाश आपलं काम करेल. ब्लॅक ॲरोजचं हंटर करताना मी पहिल्या पंथात असतो, कारण निव्वळ काळ्या रंगात विमानाचा सगळा घाट बुडून जातो, साडेएकोणीस सेंटिमीटरचा कोळशाचा तुकडा दिसतो नुसता. चिमूटभर करडा घातला की पंखांचे सांधे, हवा आत घेणारी तोंडं, सगळं पुन्हा दिसायला लागतं. लाल नॅटला मात्र मी पांढरा घालत नाही. लालात पांढरा गेला की गुलाबी, आणि गुलाबी रेड ॲरोज मला बघवणार नाहीत. इथे शास्त्र संपलं, आवड सुरू झाली हे मला मान्य आहे.

प्रत्यक्षात रंग मिळवायचा कसा, तेही सांगून टाकतो, कारण एक-दोघांनी विचारलंय. परदेशी डब्या ज्वलनशील असतात, विमानातून आणता येत नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना गळ घालण्यात अर्थ नाही. पण रंगांचं शेडकार्ड म्हणजे नुसता कागद, ते येतं. भाच्याने ते आणलं आणि मी ते घेऊन नाना पेठेत गाड्यांचे रंग बनवून देणाऱ्याकडे गेलो.

"कुठल्या गाडीचा साहेब?"

"गाडीचा नाही, विमानाचा."

"मॉडेल सांगा."

"नॅट. एकोणीसशे पासष्ट."

त्याने मान वर न करता विचारलं, "किती देऊ, पाव लिटर?" पाव लिटरमध्ये माझी रेड ॲरोजची सगळी पथकं १९६५ ते १९७९ रंगवून होतील आणि उरलेल्यात शेजाऱ्यांची स्कूटर. पण माणूस कसबी. कार्डावरचा तुकडा त्याने दिव्याखाली बघितला, मग आपणहून बाहेर उन्हात नेऊन बघितला. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात, हे मॅचिंग सेंटरवाल्याला आणि त्याला, दोघांनाही पुस्तकाशिवाय कळलेलं आहे.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, इतकी चिकित्सा कशाला? कपाटातच तर ठेवायचंय. हा प्रश्न मला घरातूनच येतो, तेव्हा उत्तर तयार असतं. किटबरोबर 'डेकल' येतात, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं. त्यांत विमानाचा नंबरही असतो. नॅटचे नंबर एक्सपी, एक्सआर, एक्सएस अशा अक्षरांनी सुरू होतात, पुढे तीन आकडे. तो नंबर चिकटवला की ते 'एक नॅट' राहत नाही, ते विशिष्ट विमान होतं. त्याला जन्मतारीख असते आणि बऱ्याचदा शेवटही. २० जानेवारी १९७१ रोजी केंबल इथे सराव करताना रेड ॲरोजची दोन नॅट समोरासमोरून एकमेकांना ओलांडण्याच्या कसरतीत आपटली. चार जण गेले. सुरुवातीच्या वर्षांत नॅटच्या लाल शेपटीवर फक्त छोटी तिरंगी पट्टी होती, पुढे अख्खी शेपटीच लाल-पांढरी-निळी झाली. आता समजा, जानेवारी १९७१ मध्ये संपलेल्या विमानाचा नंबर मी त्यानंतरच्या एखाद्या हंगामाच्या रंगसंगतीवर चिकटवला. कपाटाकडे बघणाऱ्या कोणालाही ते कळणार नाही. पण मी त्या विमानाला, आणि त्यातल्या माणसांना, न मिळालेली वर्षं परस्पर देऊन टाकलेली असतील. ते मला जमत नाही. म्हणून मी १९६५ चं करतोय, पहिल्या सातांपैकी एक, साधी शेपटी. नंबर लावण्याआधी त्या विमानाचं पुढे काय झालं ते शोधून काढायचं हा माझा नियम आहे. कधी ते निवांत भंगारात गेलेलं असतं, कधी अजून कुठल्या तरी हँगरमध्ये उभं असतं. तेवढं कळलं की ब्रश उचलायचा.

आणि आता आपल्याकडची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ब्लॅक ॲरोज ज्या जातीचं हंटर उडवत, ते आपल्या हवाई दलानेही १९५७ पासून वर्षानुवर्षं वापरलं. हवाई दलाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, २० नंबरच्या स्क्वाड्रनने नऊ हंटरचं 'थंडरबोल्ट्स' हे कसरतपथक उभं केलं. विमानं निळी आणि पांढरी. १९८० चं दशक सरता सरता ते पथक संपलं. मग १९९६ मध्ये बीदरला किरण विमानांवर 'सूर्यकिरण' आलं, फेब्रुवारी २०११ च्या बंगलोरच्या प्रदर्शनानंतर ते काही वर्षं थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं ते लाल-पांढऱ्या हॉकवर. आमच्या मुलांच्या पिढीला सूर्यकिरण माहीत असतं. थंडरबोल्ट्स म्हटलं की त्यांना मोटरसायकल वाटते.

माझ्या कपाटात नॅटच्या शेजारची जागा त्या निळ्या हंटरसाठी रिकामी ठेवलेली आहे. रेड ॲरोजच्या एका लालासाठी तीन डब्या आणि दोन पत्रकं हाताशी आहेत, वाद घालायला निदान काहीतरी आहे. थंडरबोल्ट्सचा निळा मात्र आकड्यातून नव्हे, फोटोंतूनच गाठायचा आहे. आणि १९८० च्या दशकातले फोटो म्हणजे घरगुती अल्बम. हवाई दलाच्या दिवसाला किंवा एखाद्या तळावर कुटुंबासह गेलेल्या माणसाने क्लिक थ्रीवर किंवा उसन्या यॅशिकावर काढलेले, समोर मुलं उभी आणि मागे विमान. फोटो मुलांचा, म्हणून अल्बमात 'बंटी, वय ४' असं लिहिलेलं, विमानाचं नाव नाही. तेव्हा ज्यांनी ती विमानं धुतली, पुसली, रंगवली ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. असे लोक आपल्या नात्यात आहेत हे मला पक्कं माहीत आहे, देवळालीपासून लोहगावपर्यंत.

म्हणून एक विनंती. माळ्यावरचे अल्बम उतरवाल तेव्हा जरा निळं-पांढरं काही दिसतंय का बघा. दिसलं तर फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नका, त्या काळची चिकट पानं फोटोचा पापुद्रा घेऊन येतात. पानासकटच स्कॅन करा, शेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा म्हणजे मला रंग किती ढळलाय ते काढता येईल. 'ऑटो करेक्ट' का काय ते दाबू नका, ते यंत्र स्वतःच्या मनाने आकाश निळं करतं. निगेटिव्ह असेल तर ती फोटोपेक्षा मोलाची, पाकिटासकट ठेवा. कुठे आणि साधारण कुठल्या वर्षी हे बंटीच्या वयावरून काढता येईल. आणि घरातलं कोणी त्या विमानांच्या आसपास वावरलेलं असेल तर त्यांना रंग कसा होता असं विचारू नका. डबा कसला होता, त्यावर काय लिहिलेलं असायचं, किती हात मारायचे, वाळायला किती वेळ लागायचा, हे विचारा. विमानाच्या धडावरचा नंबर फोटोत वाचता येत असेल तर तो आधी कळवा, बाकी सगळं सावकाश चालेल.